शेवटच्या गड्यामागची सायकल

सोपानतात्यांनी मला पहिल्या भेटीतच झापलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. शाळा अंथुर्ण्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत, कालव्याच्या कडेच्या एका गावात. रोज सकाळी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी पकडायची आणि फाट्यावर उतरून चालत जायचं. तात्या त्या गाडीचे कंडक्टर आणि राहणारे त्याच गावचे. पहिल्याच दिवशी काटेवाडीत गाडी थांबली आणि खिडकीतून मला माझी मावशी दिसली. मी खाली उतरले, दोन शब्द बोलले आणि पुढच्या दारानं परत जागेवर येऊन बसले. तेवढ्यात तात्यांची मोजणी होऊन गेली होती. एक माणूस कमी भरलं म्हणून ते मागच्या दारानं उतरून टपरीमागं, झाडामागं बघत फिरत होते आणि मी आत आरामात रुमालानं वारा घेत होते.

वर आल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, उतरताना सांगायचं. मी मानूस हितं सोडून जात नसतो." सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. मला असा राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी तिकिटापुरतंच बोलले.

नंतर कळलं, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. प्रत्येक थांबा सुटला की तात्या मागून पुढं येत माणसं मोजायचे. बोट दाखवून नाही, नुसती मान हलवत, ओठ मिटून. एकदा एक म्हातारबाबा बाभळीमागं गेले ते येईनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, लोक घड्याळं दाखवायला लागले. तात्यांनी काही घंटीची दोरी ओढली नाही. बाबा सावकाश धोतर सावरत आले तेव्हा तात्यांनी त्यांना हाताला धरून वर घेतलं आणि वर त्यांनाच विचारलं, "पाय न्हाय ना भरून आलं?" तात्यांच्या वडलांचा मेंढरांचा कळप होता. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी बसून ते एकेक मेंढरू पाठीला हात लावून आत सोडायचे. पुढं मेंढरं गेली, थोडी जमीन आली, तात्या एसटीत लागले. मोजणं तेवढं राहिलं.

गावची यात्रा चैत्रात. यात्रेत कुस्त्या असायच्याच, पण आमच्या गावाचं खास म्हणजे पळण्याची शर्यत. देवळापासून निघायचं, कालव्याच्या भरावावरच्या वाटेनं लांबच्या पुलापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत. पार मोरगावकडची जिराईत मुलखातली काटक पोरं यायची, बागाईतातली भाजीपाला पिकवणाऱ्या घरांतली यायची, नुसती हौस म्हणून चार पोटं सुटलेलीही यायची. बक्षीस म्हणाल तर एक ढाल आणि फेटा. पण वर्षभर गावात त्याच्यावर बोलणं चालायचं.

या शर्यतीची सुरक्षा तात्यांकडं. हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, ते म्हणायचे, "रस्ता माझ्याकडं." त्यांनी कालव्याच्या वाटेवर सहा थांबे केले होते, तीन जाताना लागणारे, तीन येताना, आणि त्याला थांबाच म्हणायचं, दुसरं काही म्हटलेलं त्यांना खपत नसे. प्रत्येक थांब्यावर तरुण मंडळाचे दोन स्वयंसेवक, पाण्यानं भरलेला माठ, मीठ-साखरेच्या पाण्याची कळशी, दोन गोणपाटं आणि एक शिट्टी. देवळापाशी एक जीप, तिच्यात आडवी बाज टाकलेली. त्या जीपमधून यात्रेचा नारळसुद्धा आणायचा नाही, असा दंडक. आणि सगळ्यात शेवटी, शेवटच्या गड्यामागं, स्वतः तात्या. सायकलीच्या हँडलला लाल टॉवेल बांधलेला. ती सायकल आपल्यासमोरून गेली की मगच त्या थांब्यावरच्या पोरांनी जागा सोडायची. त्याआधी घरात कुणाला पाळण्यात घातलं तरी हलायचं नाही.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी ते पोरांची तालीम घ्यायचे. शर्यतीत प्रथमोपचाराचं टेबल माझ्याकडं, म्हणून मलाही बसवायचे. एका वर्षी त्यांनी गंमतच केली. पोरांना थांब्यांवर उभं केलं आणि आपण लांबून पळत येऊन तिसऱ्या थांब्यापाशी धाडकन आडवे झाले. डोळे मिटलेले, एसटीचा खाकी शर्ट धुळीत. पोरं चिकटल्यासारखी उभीच. मग एकजण पायातली चप्पल काढून तात्यांच्या नाकाला लावायला धावला, दुसऱ्यानं तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडात ओतलं. तात्या उठले ते खोकत खोकतच, आणि त्या दुसऱ्याच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की त्याला आयुष्यात विसर पडायचा नाही. मी हसून हसून बेजार झाले होते. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी गेलं तर ते छातीत उतरतं. त्याला सावलीत न्यायचं, कुशीवर वळवायचं, गोणपाट भिजवून अंगावर टाकायचं, वारा घालायचा, एकानं त्याच्याजवळ बसायचं आणि एकानं शिट्टी मारत जीपकडं पळायचं. आणि दोघांनी मिळून कधीच पळायचं नाही. "एक मानूस त्याच्याजवळ पायजेच," हे वाक्य ते तीनदा म्हणाले. पोरांनी तीनदा मान हलवली.

हे सगळं नुसतं बोलाचं नव्हतं. मी आल्यावर दुसऱ्याच वर्षी एक तालमीतला गडी शेवटच्या चढाला कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. पोरांनी तात्यांनी शिकवलं तसंच सगळं केलं. दहा मिनिटांत जीप आली आणि तासाभरानं तो गडी बारामतीच्या दवाखान्यात चहा मागत होता. पुढं तो दर यात्रेला तात्यांच्या पाया पडायला यायचा. तात्या त्याला म्हणायचे, पाया पडू नको, पाणी पिऊन पळत जा.

अशी कितीतरी वर्षं नीट गेली. आणि इथंच आमचं चुकलं. सगळं नीट होतंय म्हटल्यावर ज्यानं नीट केलं त्याचा सत्कार करायचा, ही आपल्याकडची खोड. शाल, श्रीफळ, फेटा, हार. त्या वर्षी यात्रा कमिटीनं ठरवलं की तात्यांचा आणि सगळ्या स्वयंसेवकांचा पाहुण्यांच्या हस्ते सत्कार करायचा. तात्यांनी दोनदा नाही म्हटलं. मग त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, कुणीतरी सांगितलं. काकूंनी नवं लुगडं काढून ठेवलं. तात्या एवढंच म्हणाले की शेवटचा गडी आल्यावर काय ते करा.

शर्यत सकाळी सातला सुटायची. ऊन तापायच्या आत सगळं आटोपायचं, हा तात्यांचा पहिला नियम. त्या दिवशी पाहुण्यांची गाडी आली साडेनऊला. तोवर एकोणसत्तर गडी देवळासमोर उभ्या उभ्या अर्धे दमले होते. तात्या कमिटीच्या लोकांना जाऊन सांगत होते की पाहुण्यांविना सोडा, न्हायतर आज रद्द करा. कोण ऐकतंय? हिरवा झेंडा पाहुण्यांच्याच हातून दाखवायचा होता. शेवटी तात्यांनी प्रत्येक थांब्यावर एकेक माठ वाढवला, गड्यांना डोक्यावर ओलं फडकं ठेवायला लावलं आणि सायकल घेऊन मागं निघाले.

माझा आवाज बरा म्हणून निवेदन माझ्याकडं होतं. कर्णे देवळापासून पार कालव्याच्या चौथ्या थांब्याच्याही पुढं बांधलेले, म्हणजे वाटेवर सगळं ऐकू जावं. पहिला गडी आला, दुसरा आला, ढोल वाजला. साडेअकरा झाले. पाहुण्यांना इंदापूरला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, ते घड्याळ बघायला लागले. कमिटीचे अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, बोलवा समद्यांना. चारदोन गडी ऱ्हायल्यात, येतील त्ये."

मी नाही म्हणायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला काही आडपडदा ठेवायचा नाही. मला तात्यांचा सत्कार व्हायला हवा होता. त्या माणसाला कधीतरी शाल मिळावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि शांताकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी माईकवर सगळ्या स्वयंसेवकांना मंडपात यायला सांगितलं. वर माझ्याकडची फोडणी दिली की सोपानतात्या आल्याशिवाय पाहुणे जागचे हलणार नाहीत. मंडपात टाळ्या पडल्या. आणायला म्हणून ती बाज टाकलेली जीप पाठवली गेली, आणि तीही मी बघितली.

पुढचं मला तात्यांनीच सांगितलं, एकदाच. ते चौथ्या आणि पाचव्या थांब्याच्या मध्ये होते. त्यांच्यापुढं शेवटचा गडी, मोरगावकडचा भानुदास. तिशीच्या आतबाहेरचा, शेळ्या राखणाऱ्या घरातला, शर्यतीत पहिल्यांदाच आलेला. जिंकायचा प्रश्नच नव्हता, पण पुरी करायची म्हणून तो कधी चालत, कधी पळत येत होता. कर्ण्यावर तात्यांचं नाव आलं तेव्हा तो थांबून हसला. म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव घेत्यात. जावा की." तात्या म्हणाले, तू चल. तेवढ्यात जीप येऊन उभी राहिली. भानुदास म्हणाला, "म्होरल्या थांब्याव पोरं हायती न्हवं? मग कशाला काळजी करताय. मी येतो मागनं."

पुढच्या थांब्यावर पोरं आहेत, हे खरंच होतं. ती तिथं असतातच, ती हलत नाहीत, हे तात्यांनीच इतकी वर्षं शिकवलेलं होतं. त्यांनी सायकल बाभळीला टेकवली, भानुदासला आपल्याजवळचा पाण्याचा तांब्या रिकामा करायला लावला आणि ते जीपमध्ये बसले. जीप भरावावरून खाली उतरून रस्त्यानं आली. त्यामुळं पाचवा आणि सहावा थांबा त्यांना दिसलाच नाही. आणि त्या थांब्यांवरची पोरं, कर्ण्यावर आपल्याला बोलावलं म्हणून, केव्हाच निघून मंडपात येऊन बसली होती. बाईंनी सांगितलं म्हणजे तात्यांनीच सांगितलं असणार, असं त्यांना वाटलं.

तात्यांनी शाल घेतली, नारळ घेतला. मान वर केली तर समोर दुसऱ्या रांगेत पाचव्या थांब्याची दोन्ही पोरं, गळ्यात हार घालून. तात्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी तीन हातांवरून पाहिलंय. माईक माझ्या हातात होता. ते त्यात बोलले नाहीत, मला विचारलं, "आलं किती?" यादी माझ्यासमोर होती. मी मोजलं. अडुसष्ट.

ते स्टेजवरून उडी मारून पळाले, खांद्यावर शाल तशीच. पोरं मागून पळाली. जीप पाहुण्यांच्या गाड्यांमागं अडकली होती, ती काढेपर्यंत वेळ गेला. भानुदास सहाव्या थांब्याच्या अलीकडं, उसाच्या कडेला, बांधावर डोकं टेकून बसलेला सापडला. पाचव्या थांब्यावरचे माठ भरलेले होते, पण तिथं त्याला थांबवायला, बसवायला, त्याच्याकडं बघायला कुणी नव्हतं. तो पाणी न पिताच भलतंच बरळत पुढं गेला असणार. तात्यांनी ती शाल कालव्यात बुडवली आणि त्याच्या अंगावर टाकली. पुन्हा बुडवली, पुन्हा टाकली. जीप आली तेव्हा थोडा श्वास होता. बारामतीच्या वाटेवर तो थांबला.

संध्याकाळी त्याची बायको आली, सोबत भाऊ. ती रडत नव्हती. शाळेच्या ओट्यावर आम्ही सगळे बसलो होतो, कमिटी, पोलीस पाटील, मी. तिनं एकच विचारलं, की त्याला शेवटचं कुणी बघितलं. तात्या उभे राहिले आणि म्हणाले, "मी. मी त्याला सोडून आलो."

पंचनाम्यात उष्माघात लिहिलं गेलं. गाव तात्यांच्या घरी जाऊन जाऊन सांगत राहिलं, तुमची काही चूक नाही, त्याची वेळ भरली होती. मीही गेले. मीही तेच म्हणाले. आज मला कळतं की तात्यांची चूक नाही असं म्हणताना मी माझी चूक झाकत होते. त्यांची नसेल तर मग माझीही कशाला निघेल? एकदा मात्र धीर करून म्हणाले, की तात्या, मीच बोलावलं तुम्हाला. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी बोलावलं. आलो मी." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मग गाडीत ते सुरू झालं. फाट्याच्या अलीकडं एका ठिकाणी हमरस्त्यावरून कालव्याचा भराव दिसतो. तिथं थांबा नाही, वस्ती नाही. पण गाडी तिथं आली की तात्या दोरी ओढायचे. एक घंटी. गाडी थांबायची. ते मागचं दार उघडून उभे राहायचे, भरावाकडं बघत. कुणी चढायचं नाही. मग दार लावून दोन घंट्या. सुरुवातीला लोक कुरकुरले, नवीन ड्रायव्हर चिडले. पुढं पुढं कुणी काही बोलेना. गाडी उभी राहिली की बोलणारी माणसंही आपोआप गप्प व्हायची, बायका लेकरांना उगी करायच्या, आणि त्या मिनिटभरात सगळ्यांचीच नजर त्या उघड्या दाराकडं जायची. मी रोज त्या गाडीत असायचे. खोटं कशाला सांगू, दोन-तीनदा मला वाटलं की पायरीवर कुणाचं तरी पाऊल वाजलं. दार लागल्यावर तात्या मागून पुढं माणसं मोजत यायचे आणि माझ्यापाशी येऊन जरा थबकायचे. त्यांचा हिशेब जुळायचा नाही, हे मला दिसायचं. गाडी चालूच असायची.

तीन वर्षं शर्यत बंद होती. मग नव्या पोरांनी धरलंच लावून. सुटली ती सकाळी साडेसहाला, पाहुण्यांशिवाय. तात्या तोवर निवृत्त झाले होते आणि फार खंगले होते. सायकलीवरचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं आणि आपण पाचव्या थांब्यावर बसले. तीच त्यांची माझी शेवटची भेट. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

शर्यत नीट झाली. सगळे गडी आले, लाल टॉवेलची सायकल सगळ्या थांब्यांवरून पुढं आली, यादी मी दोनदा ताडून बघितली. पोरं मंडपात परतली. तात्या काही आले नाहीत. त्यांना आणायला कमिटीतले दोघं जाऊन आले, शांताकाकू जाऊन आल्या. सगळ्यांनी त्यांना सांगितलं, सगळे आले तात्या, चला. ते नुसती मान हलवायचे आणि वाटेकडं बघत बसायचे. शेवटी माईक दुसऱ्या शिक्षकांकडं देऊन मी गेले.

ते माठाशेजारी गोणपाटावर बसले होते. ऊन चढलं होतं. मी त्यांच्या बाजूला टेकले. त्यांनी विचारलं, "बाई, समदी आली?"

माझ्या हातात यादी होती. सगळ्यांपुढं खुणा होत्या. मी 'आली' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्यानं ते म्हणवेना. चार वर्षं आम्ही सगळ्यांनी या माणसाला हेच सांगितलं होतं. जे त्याला धडधडीत दिसत होतं ते नाहीच म्हणून सांगितलं होतं, त्याच्या भल्यासाठी म्हणून.

"नाही तात्या," मी म्हणाले. "एक राहिला. माझ्या बोलण्यामुळं राहिला."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "व्हय. एक ऱ्हायला. भानुदास." आणि ते रडायला लागले. गुडघ्यांत डोकं घालून, म्हातारं माणूस रडतं तसं, आवाज न करता, नुसती पाठ हलत होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तिकडं बक्षिसं सुरू झाली होती. कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं गेलं. बाईंनी स्टेजवर यावं. पुन्हा पुकारलं. मग तिसऱ्यांदा.

मी उठले नाही.